कीळवासलची करंट अम्मा

हिराबाईला ‘करंट अम्मा’ हे नाव कुणी कौतुकानं दिलेलं नव्हतं. ते ठेवलं तिच्या दिरानं, तुळजारामनं, भर रस्त्यात, चार माणसांना हसवायला. “लांबूनच बोला सार, अम्माला हात लागला की शॉक बसतो,” असं तो तिच्या शेडीकडे वळणाऱ्या गिऱ्हाइकांना तमिळमध्ये ओरडून सांगे. हसणारे हसत. हिराबाई हातातली पक्कड खाली न ठेवता म्हणे, “बसतो तर. तुजला बसला म्हणूनच पलीकडे पळालास कीं.”

दोन्ही दुकानं समोरासमोर होती, मध्ये फक्त रस्ता. तंजावुरात कीळवासलच्या त्या रस्त्याला गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची रांगच लागलेली. ठोकठोक करून पत्रा सरळ करणारे, रंग मारणारे, पंक्चरवाले, बॅटरीवाले. एका कोपऱ्यावर पत्र्याच्या शेडीत हिराबाईचा नवरा रघोजी गाड्यांचं वायरिंग करी. समोर तुळजारामनं काचेचं दुकान थाटलं होतं. नव्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या होत्या, बँका बोलावून कर्ज देत होत्या, आणि ज्यानं गाडी घेतली त्याला लगोलग तिच्यात गाणी वाजायला हवी होती. तुळजाराम त्या गाड्यांत टेप बसवी, पिवळे दिवे बसवी, मागे घेताना देवाची धून वाजवणारा हॉर्न बसवी. काम भरभर उरके. कारण तो तार सोलायचा, दुसऱ्या तारेला पीळ द्यायचा, वरून काळी टेप गुंडाळायचा आणि गाडी बाहेर काढायचा.

हे काम तो भावाच्याच हाताखाली शिकला होता. पण पीळ आणि टेप त्याला भावानं शिकवलेली नव्हती.

रघोजी कामाचा पक्का आणि तोंडाचा फाटका. त्याचे डोळे गेले तेही स्वतःच्या हातानं. एका लॉरीची बॅटरी चार्जिंगला लावली होती. आत पाणी किती उरलंय ते दिसेना, म्हणून तोंडातली विडी तशीच ठेवून तो वाकला. बॅटरी फुटली आणि आतलं ॲसिड तोंडावर आलं. एक डोळा जागच्या जागी गेला, दुसऱ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं राहिलं. इस्पितळातून परत आला तो गप्प होऊन नव्हे, तर दुप्पट आवाज घेऊन. पहिल्याच दिवशी शेडीत स्टुलावर बसून तो म्हणाला, “हिरा, पक्कड घे.”

राजवाड्यामागच्या बोळात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या त्यांच्या मराठी नात्यागोत्यातल्या कुणा बाईनं तोवर पक्कड हातात धरलेली नव्हती. हिराबाईनं धरली. दुसरं करणार काय? शेड बंद पडली असती तर तुळजाराम त्याच दिवशी कोपऱ्यावर येऊन बसला असता, आणि त्याच्या दारात हात पसरण्यापेक्षा हिराबाईनं विहीर जवळ केली असती.

शिकवणं कसलं, रोजचं रणकंदन होतं ते.

“लाल कोठे गेली? लाल तार कोठे गेली गे?”

“लाल नाहीच इथे. पिवळी आहे, तिच्यावर काळी रेघ.”

“काळी आहे कां तपकिरी? डोळे आहेत कां भोकं?”

“डोळे मजला आहेत. तुमचे तुम्ही जाळून घेतलेत.”

मग रघोजीच्या हाताला जे लागेल ते तो आवाजाच्या रोखानं भिरकावी. एकदा स्क्रू ड्रायव्हर तिच्या भुवईवर बसला. रक्त पुसून तिनं तोच स्क्रू ड्रायव्हर उचलला, हातातलं काम पुरं केलं आणि त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं नाही. गिऱ्हाईक गाडीत बसून हे ऐके आणि बाहेर जाऊन मीठमसाला लावून सांगे.

पण शिवीगाळीच्या त्या धबडग्यात विद्या मात्र तिच्याकडे आली. रघोजी सांगे, तार सहसा मरत नाही, मरतो तो सांधा. नव्या गाड्यांत तारा एकमेकींना थेट जोडलेल्या नसतात. प्लास्टिकच्या दोन डब्या एकमेकींत बसतात, आत पितळेच्या पिना असतात. त्याला ही माणसं कपलर म्हणत. कालव्यांचा हा मुलूख. हवा कायम ओली, पिकं उभी राहिली की शेतातले उंदीर गाडीच्या पोटात शिरतात. कपलरच्या आत हिरवी बुरशी धरते, पिनेची पकड ढिली होते, ढिल्या पिनेतून करंट जाताना ती तापते, तापली की प्लास्टिक वितळतं. वरून सगळं ठीक दिसतं आणि गाडी रस्त्यात दगा देते. असा कपलर शोधायचा कसा, हे हिराबाईला नवऱ्याच्या ओरडण्यातून कळलं. टेस्ट लॅम्प लावून तारांचा जुडगा एकेक वीत हलवत जायचा. जिथे हलवल्यावर दिवा मिचकतो, तिथे रोग. मग कपलर उघडायचा, जळलेली पिन बाहेर काढायची, तार मागे कापत कापत चकचकीत तांबं लागेपर्यंत जायचं, नवी पिन दाबून बसवायची, कथलाचा डाग द्यायचा, वर प्लास्टिकच्या नळीची स्लीव्ह चढवायची. टेपला हात लावायचा नाही.

पिन बाहेर काढणं सगळ्यांत नाजूक. डबीच्या आत प्रत्येक पिनेला एक बारीक जीभ असते, तीच तिचं कुलूप. बरोबर तिथे दाब दिला तर पिन अलगद मागे येते, जोर केला तर कुलूप मोडतं. त्यासाठी रघोजीनं छत्रीची काडी घासून घासून एक हत्यार केलं होतं. ते तो सदऱ्याच्या खिशात ठेवी आणि बायकोला देत नसे. “तुझ्या हातात वाकेल,” म्हणे. हिराबाईनं दाभण ठोकून स्वतःचं वेगळं करून घेतलं.

हळूहळू असं झालं, की तुळजारामनं बसवलेल्या टेपा आणि दिव्यांपायी बिघडलेल्या गाड्या रस्ता ओलांडून समोर यायला लागल्या. गिऱ्हाईक शेडीच्या तोंडाशी येऊन विचारी, “अम्मा आहेत का?” रघोजी दारातच स्टुलावर बसलेला असे. त्याला ओलांडून आत डोकावून विचारत. पहिल्यांदा तो म्हणाला, “मी आहे ना इथे.” गिऱ्हाईक म्हणालं, “तुम्ही बसा सार, अम्मांशी बोलायचं आहे.” हिराबाईनं ते ऐकलं आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच बरं वाटलं. तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

तुळजारामला ही शेड डोळ्यांत खुपत होती. कोपऱ्यावरची जागा, दोन बाजूंनी रस्ता. भाड्याची असली तरी वडिलांच्या वेळेपासूनची, दोघा भावांच्या नावावर. त्याला तिथे काचेचं आणखी मोठं दुकान काढायचं होतं. दर दोनचार दिवसांनी तो येई आणि भांडण काढी. हिराबाईही उधारी ठेवत नसे. दीर-भावजयीत विस्तव जात नव्हता.

ओरत्तनाडुचे व्यंकटरमण आले ते या आगीत. चांगली शेतीवाडी असलेला माणूस, आवाज चढा, सहनशक्ती शून्य. त्यांची पांढरी गाडी कालव्याच्या रस्त्यावर खड्ड्यात गेली, की पुढचे दोन्ही दिवे पटकन विझत. तुळजारामनं बल्ब बदलले, रिले बदलला, शेवटी बॅटरी बदलली. दिवे विझायचे ते विझतच होते. व्यंकटरमण समोर येऊन उभे राहिले आणि तमिळमध्ये म्हणाले, “बाईमाणसाकडे गाडी द्यायची वेळ आली माझ्यावर. जमत नसेल तर आत्ताच सांगा.”

“जमत नसेल तर गाडीला हात लावणार नाही,” हिराबाई म्हणाली. “किल्ली ठेवा, आणि तुम्हीही बाजूला व्हा. उजेड अडतोय.”

स्टिअरिंगच्या खाली पाठ टेकून ती आडवी झाली. जुडगा हलवत गेली. डॅशबोर्डच्या मागे, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी, एका रुंद कपलरशी दिवा मिचकला. उघडून पाहते तर दिव्यांची पिन काळी ठिक्कर, भोवतीचं प्लास्टिक मेणासारखं पाघळलेलं. वरून कुणीतरी पिवळ्या दिव्यांची तार त्याच पिनेला पीळ देऊन जोडली होती, टेपसकट. कुणीतरी म्हणजे कोण, ते सांगायला नकोच. दुप्पट भार एका ढिल्या पिनेवर. तिनं सगळं कापून काढलं. कपलर नवा घातला, पिवळ्या दिव्यांना वेगळी तार आणि वेगळा फ्यूज दिला, गाडी बोनेटवर बुक्के मारून हलवली. दिवे एकदाही मिचकले नाहीत. व्यंकटरमणांना निरोप गेला, सकाळी गाडी न्या.

त्याच संध्याकाळी तुळजाराम आला. आपण लावलेली काळी टेप तिनं शेडीच्या खांबाला अडकवून ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. ती पाहून त्याचं टाळकंच फिरलं.

“वैनी, ही टेप काढ.”

“कां? काम तुझंच आहे ना? बघू देत लोकांना.”

“एक दिवस ही शेड उचलून कालव्यात टाकतो कीं नाही बघ!” त्यानं हत्यारांच्या पेटीला लाथ घातली. नटबोल्ट रस्त्यावर गेले. जाता जाता पांढऱ्या गाडीच्या दारावर त्यानं थाड करून हात आपटला. शेजारच्या पंक्चरवाल्यानं हे पाहिलं, बॅटरीवाल्यानं पाहिलं. हिराबाई नटबोल्ट गोळा करून घरी गेली. रघोजी शेडीतच निजत असे. डोळे गेल्यापासून घरातल्या भिंती अंगावर येतात म्हणे.

सकाळी व्यंकटरमण आले ते आपल्या वृद्ध आईला घेऊन. तिला इस्पितळात दाखवायचं होतं. म्हातारीला मागच्या सीटवर बसवून त्यांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झालीच नाही. डॅशबोर्डखालून आधी करपल्याचा वास आला, मग करडा धूर, आणि बघता बघता गाडी धुरानं भरली.

व्यंकटरमण दार उघडून बाहेर उडी मारून ओरडायला लागले. म्हातारी आतच खोकत राहिली. हिराबाईनं मागचं दार उघडून तिला काखेत धरून बाहेर ओढलं, रस्त्यावरच बसवलं, आणि उलट्या पावली येऊन बोनेट वर केलं. पाना शोधायला वेळ नव्हता. बॅटरीला तार आवळून धरणारी थिंबल तिनं नुसत्या हातानं पिळून उपटली. तळहाताला चांगलाच चटका बसला. धूर हळूहळू विरला.

तोवर अख्खा रस्ता जमा झाला होता.

“माझ्या आईला जाळत होतीस तू!” व्यंकटरमण बोट नाचवत होते. “बायकांच्या हातात गाड्या देतात का कुणी? पोलिसांत देतो तुला!” गर्दीतून कुणी म्हणालं, आम्ही आधीच सांगत होतो. कुणी म्हणालं, आंधळा आणि बाई, आणखी काय होणार.

हिराबाईला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. ती रस्त्यापलीकडे बघत होती. तुळजाराम दुकानाच्या पायरीवर हाताची घडी घालून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर हसू होतं. ती रस्ता ओलांडून गेली आणि पोळलेल्या हातानंच तिनं त्याची गचांडी धरली.

“रात्री येऊन तारा तूच कापल्यास! माझं काम मोडायला म्हातारीच्या जिवावर उठलास, मेल्या!”

“सोड! मी हात लावला नाही!”

“अस्क्यांनी, साऱ्या रस्त्यानं पाहिलं तुजला! गाडीवर हात आपटलास, शेड कालव्यात टाकतो म्हणालास!”

“वैनी, सोड म्हणतो ना! आईची शपथ, मी रात्री इकडे आलोच नाही!”

ती त्याच्या पायाशी थुंकली. पंक्चरवाला आणि बॅटरीवाला दोघांनी मध्ये पडून त्यांना सोडवलं. लोकांनी तिचं म्हणणं लगेच उचलून धरलं. कालचं भांडण सगळ्यांच्या समोरच झालं होतं. तुळजारामच्या दुकानात टेप बसवायला आलेलं एक गिऱ्हाईक गुपचूप गाडी काढून निघून गेलं.

“तुमची भाऊबंदकी तुमच्या घरी,” व्यंकटरमण म्हणाले. “संध्याकाळी गाडी नीट झालेली नसली तर मी ठाण्यात जाणार.” आईला रिक्षात घालून ते गेले.

हाताला चिंधी गुंडाळून हिराबाई पुन्हा स्टिअरिंगखाली शिरली. मनात तुळजारामला घालायच्या शिव्या रांगेनं उभ्या होत्या. कापलेली तार दिसेल, उपटलेला कपलर दिसेल, तो बाहेर काढून त्याच्या दुकानाच्या काचेवरच फेकायचा, असं ठरवूनच तिनं हात घातला.

तार कुठे कापलेली नव्हती. कालचा कपलर जागच्या जागी, नीट टक् होईपर्यंत दाबून बसवलेला. तिनं तो सोडवला आणि उजेडात धरला. एक बारीक तार टोकापासून टोकापर्यंत जळून उघडी पडली होती. ती अर्थची तार, गाडीच्या पत्र्याला जाणारी. आणि अर्थच्या घरात बसली होती किल्लीतून येणारी जाड तार. दोघींची अदलाबदल. किल्ली फिरवली की सगळा करंट सरळ अर्थला, मध्ये फ्यूज नाही, काही नाही. बारीक तार जळणारच.

पिना अदलून घालायच्या, तर आधी बाहेर काढायला हव्यात. हिराबाईनं डबीच्या आत निरखून पाहिलं. दोन्ही कुलपं शाबूत. ओरखडासुद्धा नाही. बरोबर जागी, बरोबर तेवढाच दाब देऊन पिना काढल्या होत्या, आणि तितक्याच सफाईनं दुसऱ्या घरात बसवल्या होत्या. तिच्या दाभणानंसुद्धा थोडा चरा उमटे. तुळजारामला तर जन्मात पिन काढता आली नव्हती. तो कापायचाच.

आणि मग तिच्या ध्यानात आलं, की आज सकाळपासून रघोजीचा आवाज आलेला नाही. धूर निघाला, गर्दी जमली, बायकोनं भावाची गचांडी धरली, आणि दिवसभर ओरडणारा हा माणूस स्टुलावर मुकाट बसून होता.

कपलर जळक्या तारेसकट कापून घेऊन ती गाडीतून बाहेर आली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“पिना तुम्ही काढल्यात.”

“कोण म्हणतो?”

“कपलर म्हणतो. एक कुलूप मोडलेलं नाही.”

“मोडेल कसं?” रघोजी म्हणाला. “हात कोणाचा आहे?”

बोलून गेला आणि मग त्यालाच कळलं काय बोललो ते. पण तोंडावर उमटलेला तो ताठा हिराबाईनं पाहिला होता.

“आत म्हातारी बसली होती.”

“मजला काय ठाऊक? दोन बारीक पिना अदलायच्या होत्या. गाडी सुरू होणार नाही, एवढंच. जाड कोणती, बारीक कोणती, अंदाज चुकला. तो तुजला शिव्या देईल, तुजला रोग सापडणार नाही, मग मी सांगीन कोठली पिन. लोकांना कळलं असतं, रघोजीवाचून हिचं चालत नाही.” त्याचा आवाज चढत गेला. “अम्मा आहेत का, अम्मा आहेत का! मी काय दारावरचं कुत्रं आहे? अस्क मी शिकवलं, आणि मजला म्हणतात, तुम्ही बसा सार!”

“धूर आला तेव्हा तरी ठाऊक झालं ना? तेव्हा तोंड उघडलं नाहीत. मी तुळजारामला धरलं तेव्हाही नाही.”

“त्याला धरायला तुजला निमित्त लागतं कां?”

हिराबाईनं हातातला कपलर त्याच्या मांडीवर टाकला. “चाचपून बघा,” ती म्हणाली. “जळलेली तार बघा. हेच तुमचं काम.”

रघोजीची बोटं त्या जळलेल्या तारेवरून एकदा फिरली आणि थांबली. ‘चुकलं’ हा शब्द त्याच्या तोंडून जन्मात निघाला नव्हता, तेव्हाही निघाला नाही.

“उद्यापासून इथे निजायचं नाही,” ती म्हणाली. “आणि माझ्या कामापाशी बसायचंही नाही.”

“शेड माझी आहे.”

“शेड तुमची. काम माझं. मी काम घेऊन जाते, शेड तुम्ही पांघरून निजा.”

संध्याकाळी व्यंकटरमण आले तेव्हा गाडी सुरू होती, दिवे लखलखत होते. त्यांनी विचारलं, सकाळचा उपद्व्याप केला कुणी. हिराबाई म्हणाली, “माझ्या शेडीत झालं. जबाबदारी माझी.” ते म्हणाले, पुन्हा तुझ्या दारात येणार नाही. आले नाहीतच.

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडल्या उघडल्या ती रस्ता ओलांडून गेली. तुळजाराम काच पुसत होता. पंक्चरवाला, बॅटरीवाला काम सोडून बघायला लागले. आता काय, म्हणून तुळजारामनं एक पाऊल मागे घेतलं.

“काल मी तुजला बोलले ते खोटं होतं,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि मग तेच तमिळमध्येही म्हणाली. “गाडीला तू हात लावला नव्हतास.”

तुळजारामनं हातातलं फडकं खाली ठेवलं. “मग कोणी लावला?”

“तुजला त्याचं काय करायचंय?”

त्यानं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. स्टुलावर त्याचा भाऊ खाली मान घालून बसला होता. त्याला कळायला वेळ लागला नाही. तो आधी गोरामोरा झाला, मग मोठ्यानं हसला. “अण्णानं? अण्णानंच?” हसू थांबल्यावर म्हणाला, “मग माफी माग वैनी. चारचौघांत थुंकलीस, चारचौघांत माफी माग.”

“माफी नाही मागणार. खोटं बोलले तेवढं परत घेतलं. बाकी तुजला आजवर जे जे म्हटलंय, ते खरंच आहे.”

आणि ती हत्यारांची पेटी उचलायला परत फिरली.

हिराबाईची मुलगी गायत्री तेव्हा एका टेलिफोन बूथमध्ये बसत असे. तिला घरातली मराठी सगळी कळे, पण बोलायची वेळ आली की ती तमिळमध्येच बोले. “अम्मा, अप्पा आंधळा माणूस आहे. त्याला टाकून गेलीस म्हणून लोक तुलाच नावं ठेवतील.” हिराबाई म्हणाली, “आंधळा आहे म्हणून आजवर भुवईवरचा घाव गिळला. म्हातारी मेली असती तर कोणता आंधळा तुरुंगात गेला असता? मीच गेले असते.” गायत्रीनं पुन्हा विषय काढला नाही, पण आईशी सरळ बोलायलाही तिला बरेच दिवस लागले.

ओरत्तनाडुच्या रस्त्यावर गावाबाहेर एका भातगिरणीलगत हिराबाईनं नवी शेड घातली. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. गाडी पेटवणारी बाई म्हणून बोभाटा झाला होता, आणि खरं काय ते ती कुणाला सांगत नव्हती. आधी मोपेडवाले आले, मग गिरणीच्या लॉरी, मग रात्रीअपरात्री कालव्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या टॅक्सीवाल्यांनी तिला शोधून काढलं. त्यांना बोभाट्याशी देणंघेणं नव्हतं. दिवा विझता कामा नये, एवढंच त्यांचं मागणं.

आणि रघोजी? त्याला तुळजाराम घेऊन गेला. कोपऱ्याची शेड पाडून तिथे काचेचं मोठं दुकान झालं, दारात रघोजीचं स्टूल. भावावर प्रेम उतू चाललं होतं म्हणून नव्हे. जागेच्या कागदावर दोघांचंही नाव होतं, आणि वैनीला डिवचायची याहून चांगली सोय नव्हती. पण रघोजी तिथे बसला आणि तुळजारामला वेगळाच ताप सुरू झाला. बाहेर जाणारी प्रत्येक गाडी तो बोटांनी चाचपी. कुठे टेप लागली की ओरडून दुकान डोक्यावर घेई, पीळ दिसला की गिऱ्हाइकासमोर उपटून टाकी. तुळजारामच्या माणसांना झक मारत पिना दाबायला आणि डाग द्यायला शिकावं लागलं. गिऱ्हाईक आता विचारायला लागलं, “अण्णा आहेत का?”

हे हिराबाईला कानांनी नव्हे, हातांनी कळलं. कीळवासलहून आलेली एक टॅक्सी तिच्याकडे वेगळ्याच कामासाठी आली होती. डॅशबोर्डमागे हात घालताना तिनं तुळजारामच्या नावानं शिवी तयार ठेवली होती. आत सांधे स्वच्छ, स्लीव्ह मापाच्या, तारा ओळीत बांधलेल्या. तिनं एक सांधा ओढून पाहिला, तो सुटला नाही. मग टॅक्सीवाल्याला म्हणाली, “तिथेच जायचं होतं. इकडे कशाला आलात?” आणि त्या दिवशी भेटेल त्याच्यावर करवादली.

नवराबायकोची गाठ पुन्हा पडली ती गायत्रीच्या लग्नात. मुलीनं हट्ट धरला म्हणून दोघं मांडवात शेजारी उभी राहिली. मधल्या काळात एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. भटजी मंत्र म्हणत होते, नादस्वर वाजत होतं. रघोजीनं मान न वळवता तोंड थोडं तिच्या बाजूला केलं.

“ओरत्तनाडुची एक व्हॅन आली होती आमच्याकडे. तुझ्या हातची. स्लीव्ह आखूड घातलीस.”

“आखूड नव्हती. तुमच्या माणसानं ओढली.”

“मी बोट लावून पाहिलं.”

“मग बोटंही गेली तुमची.”

भटजींनी दोघांच्या ओंजळीत अक्षता दिल्या. त्याला नवरानवरी नेमकी कुठे उभी आहेत ते दिसेना, हात हवेतच अडला. हिराबाईनं त्याचं मनगट धरलं, योग्य दिशेला वळवलं, आणि अक्षता पडल्या पडल्या सोडून दिलं.

पंगतीला ती बायकांकडे बसली, तो तुळजारामच्या शेजारी. जेवणं झाल्यावर तुळजारामनं भावाला नव्या गाडीत घालून नेलं, आणि हिराबाई आपल्या शेडीत काम करणाऱ्या माणसांबरोबर बसनं परतली.